टीव्हीतली इंग्रजी, आपल्या कामाची

आम्ही बोलतोय मुंबईच्या उपनगरातून, घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतून. आमच्या बचत गटात कुणी साताऱ्याकडची आहे, कुणी जुन्नरची, कुणी कोकणातली. दुपारी धुणीभांडी आटोपली की आम्ही अर्धा तास इंग्रजी शिकतो. क्लास नाही, फी नाही. फोनवर छोटा व्हिडिओ लावायचा आणि विषय घ्यायचा घरातलाच: टीव्ही.

टीव्हीच का? कारण त्यातले बरेच शब्द आपल्या तोंडात आधीपासून आहेत. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि सगळी चाळ त्या एका खोलीत दाटीवाटीने बसायची. तेव्हापासून इंग्रजी शब्द आपल्याकडे मुक्कामाला आले ते कायमचेच. चॅनल, रिमोट, सिरियल, एपिसोड, ब्रेक, रिचार्ज. पहिल्या दिवशी आम्ही असे शब्द सांगायला लागलो आणि फळा भरून गेला. "मला इंग्रजी येत नाही" म्हणणाऱ्या बायकांनीच तो भरला होता.

तरी गटातल्या एका मावशी म्हणाल्या, "आता या वयात इंग्रजी शिकून काय करायचंय?" दुसरी म्हणाली, "मावशी, फोन या वयातच वापरता ना?" मावशी हसल्या आणि पुढे सरकून बसल्या.

आता एक शब्द घेऊ. टर्न म्हणजे फिरवणं. जुन्या रेडिओचं बटण फिरवायचं असायचं, आठवतं ना? टर्न ऑन म्हणजे लाव. टर्न ऑफ म्हणजे बंद कर. टर्न इट अप म्हणजे आवाज वाढव. टर्न इट डाउन म्हणजे आवाज कमी कर. शब्द एकच, पण शेपूट बदललं की अर्थ बदलतो.

पण टर्न डाउनचा आणखी एक अर्थ आहे, तो लक्षात ठेवा. टर्न डाउन म्हणजे नाकारणं. कर्जाच्या अर्जाबद्दल कुणी म्हणालं, "युवर ॲप्लिकेशन इज टर्न्ड डाउन", तर अर्ज नामंजूर झाला. रिजेक्टेड आणि डिक्लाइन्ड यांचाही अर्थ तोच. अशा वेळी मान खाली घालून निघून यायचं नाही. "व्हाय?" असं विचारायचं. मराठीत विचारलं तरी चालेल: "कोणता कागद कमी आहे, तो लिहून द्या." पण विचारायचं असेल, तर आधी समोरचा काय म्हणाला ते कळायला हवं.

आता थोड्या गमतीच्या गोष्टी. सासू-सुनेच्या मालिकेला इंग्रजीत सोप ऑपेरा म्हणतात. सोप म्हणजे साबण. मालिकेत साबण कुठून आला? अमेरिकेत १९३० च्या सुमारास दुपारी घरच्या बायकांसाठी रेडिओवर मालिका लागायच्या. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करायच्या, म्हणून हे नाव पडलं. म्हणजे आपली रोजची मालिका मुळात रेडिओची लेक!

भाग संपताना दारात कोण उभं आहे ते दाखवत नाहीत आणि आपण उद्यापर्यंत तळमळतो. त्याला म्हणतात क्लिफहँगर, म्हणजे कड्याला लोंबकळत ठेवणं. दिवसभर टीव्हीपुढे बसून राहणारा तो काउच पोटॅटो, म्हणजे सोफ्यावरचा बटाटा. आपण म्हणतो, खायला काळ आणि भुईला भार. दोघींचे विचार जुळले, तर त्या ऑन द सेम वेव्हलेंथ. आपण म्हणतो, सूर जुळले. एखादी गोष्ट अजून ठरली नाही, तर ती अप इन द एअर. आपण म्हणतो, अधांतरी आहे.

असे वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून कळत नाहीत. "नाकाला मिरच्या झोंबल्या" हे आपण शब्दशः इंग्रजीत सांगितलं, तर ऐकणारा मिरच्याच शोधत बसेल. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्प्रचाराला आपल्या बोलीतला जोडीदार शोधतो. जोडीदार सापडला की तो विसरत नाही.

व्हिडिओ बघायची आमची रीत सांगतो. तीन-चार मिनिटांचाच व्हिडिओ घ्यायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा आणि काय चाललंय ते एकमेकींना मराठीत सांगायचं. मग आवाज लावायचा आणि खाली येणारी अक्षरं सुरू करायची. यूट्यूबवर त्यासाठी सीसी असं बटण असतं. बोलणं फार भराभर वाटलं, तर सेटिंगमध्ये वेग कमी करता येतो. एक वाक्य झालं की थांबवायचं आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. अक्षरं मशीनने लिहिलेली असली तर कधी कधी चुकतात, म्हणून कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवायचे.

या अक्षरांचा उपयोग मोठा आहे. ब्रिज कोठारी शिकत असताना स्पॅनिश सिनेमा बघत होते. खाली अक्षरं इंग्रजी होती. त्यांच्या मनात आलं, हीच अक्षरं स्पॅनिश असती तर आपण ती भाषा लवकर शिकलो असतो. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी त्यावर काम केलं. १९९९ साली गुजरातच्या दूरदर्शनवर गाण्यांखाली गाण्याचेच शब्द गुजरातीत दिसू लागले. जे ऐकायचं तेच वाचायचं. ज्यांचं वाचन कच्चं आहे त्यांचा सराव गाणं ऐकता ऐकता होतो. आम्ही इंग्रजीसाठी हेच करतो.

रिमोटवरचे शब्द बघा: मेनू, बॅक, ओके, कॅन्सल. यातले कितीतरी एटीएमच्या पडद्यावर आणि फोनवरही भेटतात. आमच्यातली एक ताई पोळीभाजीचे डबे देते. फोनवर एक माणूस म्हणाला, "महिन्याचे पैसे आधीच पाठवतो, फक्त पिन टाका." पडद्यावर शब्द होते रिक्वेस्ट आणि पे. रिक्वेस्ट म्हणजे मागणी, पे म्हणजे द्या. पैसे घेणं याला रिसीव्ह म्हणतात. ताईने कॅन्सल दाबलं आणि फोन ठेवला. मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. आणि कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा.

आमच्याकडे लोकलमध्ये मराठी आणि हिंदीनंतर "नेक्स्ट स्टेशन घाटकोपर" असं रोज ऐकू येतं. तुमच्या गावात लोकल नसेल, पण घरात टीव्ही, हातात फोन आणि खताच्या गोणीवरची, औषधाच्या पाकिटावरची अक्षरं आहेतच. इंग्रजी आली की शहाणपण आलं, असं नाही. शहाणपण आपल्याकडे होतंच. पण आपल्या पैशाची आणि कागदाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागू नये, एवढ्यासाठी हे शब्द हवेत.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने टीव्हीवर किंवा फोनवर दिसलेला एक इंग्रजी शब्द आणायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि त्याला मराठी जोडीदार शोधायचा. वीस जणी असाल, तर एका बैठकीत वीस शब्द होतील. वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. आमचा फळा मोठा आहे.