पेट्रोलची वाफ आणि ठिणगी
29 ऑक्टोबर 2009 ची संध्याकाळ. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पाइपलाइनने पेट्रोल देण्याची तयारी चालू असताना व्हॉल्व्हमधून गळती लागली. सुमारे सव्वा तास पेट्रोल उसळत राहिलं, वाफ आवारभर पसरली आणि स्फोट झाला. 11 जणांचा बळी गेला.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत दूरची ठिणगीही गाठते. म्हणून कामाच्या जागी इंधनाची पिंपं सावलीत, हवेशीर ठिकाणी, वेल्डिंग आणि जनरेटरपासून लांब ठेवा. झाकणं घट्ट लावा, भोवती बांध घाला, वाळूच्या बादल्या हाताशी ठेवा. पेट्रोल सांडलं, तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. आधी माणसं बाहेर काढा.