गॅस भरण्याआधी दोन प्रश्न

मी सांताक्रूझ पूर्वेहून, वाकोल्याच्या एका बचत गटाची समन्वयक बोलतेय. आज विषय जरा वेगळा आहे. गाडीचा एसी.

आमच्या गटाने श्रीखंडाचे, पुरणपोळ्यांचे डबे पोहोचवायला जुनी गाडी घेतली. तिचा एसी ऑटोमॅटिक. आपण २४ आकडा लावायचा. वारा किती गार, पंखा किती जोरात, ते गाडी ठरवते. मे महिन्यात तो बिघडला. बाहेर ऊन, आत गरम वारा, मागे श्रीखंड! गॅरेजवाला म्हणाला, "गॅस संपला." भरला. संध्याकाळी गार लागलं, दुसऱ्या दुपारी परत गरम. तो म्हणाला, "अजून भरावा लागेल."

बैठकीत आमच्या एका मावशींनी विचारलं, "अगं, घरच्या फ्रिजमध्ये आपण सारखा गॅस भरतो का?"

प्रश्न अगदी बरोबर. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो. पण लवकर संपला तर कुठेतरी गळती असते. आधी गळती शोधायची, मग गॅस भरायचा.

मग आम्ही क्रमाने तपासलं. तुम्हीही लिहून घ्या.

पहिलं, वारा येतो का? अजिबात नसेल तर फ्यूज किंवा पंख्याची मोटर बघा. कमी येत असेल तर एसीची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. आमचा धुळीने काळा झाला होता.

दुसरं, आकडा अगदी खाली आणा. तिथे गार येतं, पण २४ वर गडबड होते, तर गाडीला तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर संशय घ्या. डॅशबोर्डवरची त्याची बारीक जाळी धुळीने बुजते. काचेखालच्या ऊन ओळखणाऱ्या सेन्सरवर देवाचा फोटो, कापड ठेवू नका.

तिसरं, एसी थोडा वेळ चालवून इंजिन बंद करा. पदर, ओढणी आवरून बॉनेट उघडा. बंद गाडीतही पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात लांब ठेवा. एसीची जाड नळी गार आणि ओली दिसली, तर बहुधा गॅस आणि कॉम्प्रेसर काम करताहेत. आमची तशीच होती. म्हणजे गारवा तयार होत होता, आत पोहोचत नव्हता.

चौथं, कान द्या. डॅशबोर्डमागून कट-कट आवाज येत होता. आत एक झडप असते, गार आणि गरम वारा मिसळणारी. तिला हलवणारी छोटी मोटर अडकत होती. दुसऱ्या मेकॅनिकने तीच बदलली. गॅसला हात लावावा लागला नाही.

नळ्या मात्र स्वतः कधी खोलू नका, आत मोठा दाब असतो. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही, जीव जातो.

आता आमच्या गटाचा ठराव आहे. दुरुस्तीआधी दोन प्रश्न: "बिघाड नेमका कुठे?" आणि "तो कसा तपासला?" बदललेला जुना भाग आणि पावती हातात घ्यायची, मगच पैसे. तुमच्या गावात गाडी नसेल, पिठाची गिरणी असेल, पाण्याचा पंप असेल. प्रश्न हेच विचारा. गटाचा पैसा एकेका बाईने घरखर्चातून वाचवलेला असतो. तो अंदाजावर खर्च करायचा नाही.