जुन्या मोटारींच्या रंगाची निगा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



निवृत्त शिक्षकाने मुलांच्या शिस्तीवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मोटारीच्या रंगावर बोलणार आहे. आपल्या कित्येक घरांच्या आवारात वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली फियाट अथवा अँबॅसॅडर अद्याप उभी आहे, आणि दरवर्षी त्यांपैकी एखादी तरी नव्याने रंगवण्यासाठी गॅरेजात जाते. यांतील बहुतेकींना नव्या रंगाची गरजच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा रंग कोणता, ते प्रथम पाहू. आरंभीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणे वॉर्निश लावीत व ते वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा 'ड्यूको' रंग आणला आणि ते काम झपाट्याने होऊ लागले. आपल्याकडील मिस्त्री फवाऱ्याने मारलेल्या कोणत्याही रंगास अजून ड्यूकोच म्हणतात! पुढे सिंथेटिक एनॅमल आले. हे दोन्ही रंग एकेरी. आजच्या गाड्यांवर असतो तसा पारदर्शक थर त्यांवर नसतो. उन्हाने रंगाला बांधून ठेवणारा पदार्थ क्षीण होतो, रंगद्रव्य सुटे होते आणि पृष्ठभागावर पूड साचते. फळ्यावरून हात फिरवला असता खडू लागावा, तसे. लोक म्हणतात, "रंग गेला." वस्तुतः तो गेलेला नसतो, निर्जीव थराखाली सजीव रंग बहुधा शिल्लक असतो.

याची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन एखाद्या आडबाजूस हलके चोळावे. फडक्यास गाडीचा रंग लागला, तर रंग एकेरी समजावा. न लागल्यास वर पारदर्शक थर आहे, म्हणजे गाडी मागाहून कोणी रंगविली असण्याचा संभव मोठा. मूळ छटा पाहावयाची असेल, तर डिकीच्या आत अथवा दरवाजाच्या रबराखाली पाहावे. तेथे ऊन पोचत नाही.

आता धुण्याविषयी. कोरड्या धुळीवर फडके मारणे हा आपल्याकडील सार्वत्रिक प्रघात. त्याइतके नुकसान पावसानेही होत नसेल. धुळीतील वाळूचे कण रंगावर ओरखडे काढतात. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा थंड होऊ द्यावा, मग हलक्या धारेने धूळ वाहू द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात : एकीत मोटारीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरीत फडके खळबळण्यास स्वच्छ पाणी. टपापासून आरंभ करून खाली यावे. चाके शेवटी, आणि त्यांचे फडके निराळे. कपड्यांची पावडर व भांड्यांचा साबण वर्ज्य. बोअरवेलचे पाणी अंगावर वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून लगोलग टिपून घ्यावे. रंगास बारीक भेगा असतील तर धारेचा मोह टाळून ओलसर फडक्यानेच भागवावे. भेगेतून पाणी पत्र्यापर्यंत गेले की गंज आतून चढतो.

दसऱ्याच्या पूजेबद्दलही सांगतो, भगिनींनी रागावू नये. ओले हळदकुंकू बॉनेटवर दिवसभर राहिले तर फिक्या रंगावर डाग उरतो, आणि हाराची तार वाऱ्याने हलून ओरखडे काढते. कुंकू काचेवर लावावे व हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा. पूजेत काही उणे येत नाही.

पॉलिश करताना हात आवरावा, हे सर्वांत महत्त्वाचे. अस्तरासह रंगाची जाडी साधारणतः मिलिमीटरचा दहावा भाग. प्रत्येक पॉलिश त्यातून थोडे काढून नेते, आणि बॉनेटच्या कडांवर तर थर मुळातच पातळ. गॅरेजातील फिरत्या यंत्राने व भरड रबिंग कंपाउंडने तेथे क्षणात पत्रा दिसू लागतो. म्हणून अगदी सौम्य पॉलिश, मऊ सुती फडके, एका वेळी वीतभर जागा. फडके रंगाने भरले की बदलावे. त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. या कामी नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. मेणाने पाणी ठरत नाही, पण ऊन पुरते अडत नाही. म्हणून छप्पर हवेच.

आणखी एक इशारा. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्या छटांत व अस्तरात, शिसे असण्याचा संभव असतो. कोरडा सँडपेपर कदापि मारू नये, काम चालू असता मुलांना दूर ठेवावे, आणि हात साबणाने धुतल्यावाचून जेवावयास बसू नये.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? तीस हजारांत नवाकोरा रंग मिळतो, असे मलाही एका गॅरेजात ऐकवण्यात आले. मिळतो खरा, पण तो त्या गॅरेजाचा रंग. कारखान्यात चढलेला मूळ रंग एकदा खरवडला की जगातील कोणताही कारागीर तो परत देऊ शकत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तीत गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, अशी अट घातली. ती अट सांगाडा, बॉडी व इंजिन यांविषयी आहे हे खरे, तथापि तीमागील दृष्टी रंगासही लागू पडते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. कुर्ल्यास तयार झालेल्या त्या गाड्या आता आहेत त्या केवळ घराघरांत.

भाषण येथे थांबवितो. आपल्या एका सभासदांची फिकट निळी पद्मिनी बाहेर चिंचेखाली उभी आहे. काल तिचा डावा दरवाजा मी हाताने पॉलिश केला आणि उजवा मुद्दाम तसाच ठेवला आहे. चहापानापूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. फडकी पुष्कळ आणली आहेत.