सोल्डरच्या टाक्याची पारख
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मंडळाने मला कुवेतमधील नोकरीविषयी बोलावयास सांगितले. पगारपाण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. मी तेथे इलेक्ट्रॉनिक यंत्रे दुरुस्त करीत असे, तेव्हा सोल्डरच्या टाक्याविषयीच बोलतो.

पूर्वीचे सोल्डर म्हणजे ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे. कल्हईवाल्याचे कथील ते हेच. १८३ अंशांना ते वितळते. २००६ साली युरोपने शिशावर निर्बंध आणल्यावर कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण रूढ झाले. त्याला सुमारे २१७ अंश लागतात.

कुवेतमध्ये मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. बंद पेटीतील यंत्र त्याहूनही तापते. सुटा भाग आणि खालची पाटी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत; ओढाताण होते ती मधल्या टाक्याची. तेथील एका इस्पितळात रुग्णाच्या उशाशी ठेवलेले यंत्र सकाळी चाले व दुपारी बंद पडे. सर्वांनी विजेला दोष दिला. भिंगाखाली पाहिले तर एका पायाभोवती केसासारखी गोल चीर! गारव्यात ती मिटे, उन्हात उघडे.

असा टाका कारखान्यातच कसा पकडावा? माणसाचे डोळे थकतात. रिकार्दो वॅन्झेटी या संशोधकाने अमेरिकेत १९८०च्या दशकात यावर एक सुंदर युक्ती योजली. लेसरचा क्षणभराचा झोत एकेका टाक्यावर टाकायचा, तो किती तापतो व कसा निवतो हे अवरक्त किरणांवरून मोजायचे, आणि चांगल्या टाक्याशी ताडून पाहायचे. सोल्डर कमी असेल तर टाका लवकर तापतो. आपण मडके वाजवून घेतो, तसेच हे!

मात्र चिपच्या पोटाखाली दडलेल्या टाक्यापर्यंत लेसर पोहोचत नाही. तेथे क्ष-किरण लागतात. त्यांत पोकळी दिसते, पण बारीक चीर कधी कधी निसटते.

आपले पुष्कळ नातलग इस्राएलात आहेत, म्हणून सांगतो. तेथील यावने गावच्या ऑरबोटेक कंपनीने, जी १९९२ साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली, सोल्डर लागण्यापूर्वीच पाटीवरील तांब्याच्या रेषा कॅमेऱ्याने तपासणारी यंत्रे जगभर पोहोचविली. तुटलेली रेषा किंवा एकमेकींना चिकटलेल्या दोन रेषा, हेच त्यांचे मुख्य शोधकाम.

हे ऐकून आपणास सोफेर आठवला असेल. सेफेर तोरात ३,०४,८०५ अक्षरे. एक तुटले किंवा शेजारच्याला चिकटले, तर दुरुस्त होईपर्यंत तो सेफेर पासूल. हे काम सोफेर शतकानुशतके करीत आले आहेत, तेही लेसरवाचून.

पुढील रविवारी संध्याकाळी मी भिंग व सोल्डरिंगची इस्त्री घेऊन येथील सभागृहात बसणार आहे. मुलामुलींनी घरातला बिघडलेला रेडिओ अवश्य आणावा.