वह्या उघडण्याआधी

तुळजापुरात भवानीमातेचा दिवस पहाटे चरणतीर्थाने सुरू होतो, रात्री प्रक्षाळ पूजेने संपतो. वेळ ठरलेली, म्हणून कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात मात्र शाळेची घंटा नसते. प्रार्थना मग उद्यावर जाते. ती पहिल्या धड्यालाच जोडून टाकावी. चहाचे कप उचलले की, वह्या उघडण्याआधी, पाच मिनिटं. शास्त्रवाचन थोरलीने करावं, धाकट्याने आपल्या शब्दांत आभार मानावेत. शेजारच्या आजारी आजीचं नाव बहुधा तोच घेतो. लांबण लावली की मुलं चुळबुळणारच! गाणं मात्र हवंच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली. तेच टाळांवर म्हणावेत. पेटी नसली तरी चालतं.