बाईचं बळ आणि वऱ्हाडातला आखाडा



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. वऱ्हाडातली बाई पहाटेपासून राबते. पाणी भरते, भाकरी थापते, निंदायला जाते, सोयाबीन सोंगते, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचायला लागते. तिला आणखी वजनं उचलायला कशाला सांगता? विचारणाऱ्यांच्या मनात तिच्याबद्दल कळकळ असते, म्हणून या प्रश्नाला मी आधी हात घालते.

वेचणीला गेलेल्या बाईकडे एकदा नीट पाहा. कमरेला फडकं बांधून ती सकाळपासून वाकलेली असते. कापसाचं बोंड जितकं खाली, तितकी तिची पाठ खाली. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही. दिवस कलला की गाठोडं डोक्यावर घेऊन ती वजनकाट्यापर्यंत चालते, आणि घरी गेल्यावर चूल तिचीच वाट पाहत असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या कितीतरी गावांत, गोड्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या बायांनीच गुंड वाहिले आहेत. मेहनतीत ती कोणत्याही पैलवानाला हार जाणार नाही.

तरीही पन्नाशीला तिची पाठ वाकते, गुडघे धरतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. असं का होतं? स्नायू आणि हाड यांना बळकट व्हायला चार गोष्टी लागतात. पेलेल एवढं ओझं, त्यानंतर विश्रांती, पुरेसं अन्न, आणि काही दिवसांनी त्या ओझ्यात थोडी वाढ. शेतातल्या आणि घरातल्या कामात ओझं तेवढं असतं, तेही एकाच बाजूने, एकाच वाकलेल्या स्थितीत, हजारो वेळा तेच. विश्रांती नाही, ताटात शेवटी उरलेलं अन्न, आणि ओझं किती घ्यायचं हे ठरवणारं दुसरंच कोणी. कामाने शरीर झिजतं, व्यायामाने ते घडतं. फरक मुळात मोजमापाचा आणि अधिकाराचा आहे. व्यायाम करणारी बाई किती उचलायचं, कधी थांबायचं हे स्वतः ठरवते.

हे मी वऱ्हाडात उभी राहून सांगते आहे, याला कारण आहे. इथून, अकोल्यापासून, शंभरेक किलोमीटरवर अमरावतीत 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी एका आखाड्याचं रोप लावलं. तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 साली, बर्लिनचं ऑलिंपिक चालू असताना, याच मंडळाच्या चमूने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. आपल्या या कापसाच्या मुलखाने जगाला मल्लखांब आणि कबड्डी दाखवली, याचा मला आजही अभिमान वाटतो. आज त्या मंडळाच्या मैदानावर मुलीही घाम गाळतात, दोरीच्या मल्लखांबावर चढतात. अमरावतीचीच भारती फुलमाळी 2019 साली भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, आणि तिचे लांब जाणारे फटके पाहिले की खांद्यातलं आणि कमरेतलं बळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

परंतु खेळाडू मुलींची चिंता मला कमी आहे. त्यांना प्रशिक्षक आहे, मैदान आहे. माझी चिंता त्यांच्या आयांची आहे. मुलगी सरावाला जाते, आई तिचा डबा भरते आणि बाकावर बसून वाट पाहते. शारीरिक शिक्षण शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या बाईला आखाड्यात यावंसं वाटलंच, तर घरातूनच आवाज येतो, ‘काहून वं माय, पयलवान व्हाचं हाय का तुले?’

या आवाजामागे एक भीती आहे. वजन उचललं की बाईचं शरीर पुरुषासारखं होईल. पण स्नायूंचा आकार फुगवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या रक्तात पुरुषाच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. आठवड्यातून दोनदा वजन उचलणारी बाई घट्ट होते, उठण्या-बसण्यात चपळ होते. पुरुषी होत नाही. आणि ज्या मुलींनी हे बळ शिखरापर्यंत नेलं, त्यांच्याकडे तरी बघा. मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड 2022 साली ग्रीसमधल्या कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत 45 किलो गटात उतरली, एकूण 153 किलो उचललं आणि त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. पुरुषांची ही स्पर्धा साठ वर्षांहून अधिक काळ चालू होती.

बाईच्या शरीराला झेपणार नाही, हे म्हणणारे फक्त आपल्याकडेच नव्हते. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर त्या दमलेल्या दिसल्या, तेवढ्यावरून ही शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली आणि थेट 1960 साली रोममध्ये परत आली. दमलेल्या पुरुषांमुळे कोणती शर्यत बंद पडल्याचं मला आठवत नाही. ऑलिंपिकमधलं वेटलिफ्टिंग स्त्रियांना 2000 सालापर्यंत बंद होतं. ते सिडनीत खुलं झालं त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने 240 किलो उचलून कांस्यपदक आणलं.

आता शरीराच्या आतलं बोलू. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचा हा प्रश्न आहे. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. बाईच्या बाबतीत मध्येच पाळी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोवर हाडांची राखण करत असतं. ते ओसरलं की पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. दुखत नाही, दिसत नाही. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर किती घरांतल्या आजी पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या, ते तुम्ही तुमच्या घराण्यात आठवून पाहा.

हाडाला स्वतःला भक्कम करायचा निरोप मिळतो तो ओझ्यातून. स्नायू हाडाला ओढतो, हाडावर भार येतो, आणि तिथे नवीन हाड तयार होतं. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडं कमकुवत झालेल्या 101 स्त्रियांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काहींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे 2.9 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सुमारे 1.2 टक्के घटली. ज्या वयात आपण बाईला ‘आता जपून’ म्हणतो, त्या वयात हाड वाढू शकतं, हे या स्त्रियांनी दाखवून दिलं.

याहून जुना एक अभ्यास बोस्टनचा आहे, 1990 सालचा. वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचं पायांतलं बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढलं. म्हणून समोर बसलेल्या आजींना सांगते, तुमची वेळ गेलेली नाही.

साखरेच्या आजाराचंही पाहू. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह असल्याचं आढळलं. जेवणातून रक्तात उतरलेली बरीचशी साखर स्नायूंतच साठते. स्नायू म्हणजे धान्याची कणगी. कणगी लहान झाली की धान्य अंगणात सांडून राहतं. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढून घेऊ शकतो. चालणं उत्तम आहे, ते सोडू नका. पण केवळ चालण्याने कणगी मोठी होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं की चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मुख्य स्नायूंना बळ देणारा व्यायाम प्रत्येक प्रौढ माणसाने करावा.

आता करायचं काय, ते सांगते. जिम परवडत नसेल तर अडत नाही. खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा, हीच बैठक. भिंतीला हात टेकवून जोर काढा. जमलं की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. थैलीत दोन किलो तूर घ्या, पुढे वाका आणि कोपर मागे नेत ती थैली पोटाकडे ओढा. पाण्याची बादली गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, कमरेतून नव्हे तर मांड्यांच्या जोरावर उचला. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन अंगणात चाला. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज जाऊ लागले तर थैलीत किलोभर तूर आणखी टाका. ही वाढ विसरलात तर व्यायामाचं पुन्हा काम होऊन बसेल. दोन खेपांच्या मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. वैशाखात दुपारी करू नका, पहाटे करा.

आणि खा. प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं हे आपल्या देशाच्या पोषणतज्ज्ञांनी ठरवलेलं प्रमाण आहे. पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. तूर आपल्याच शेतात पिकते, पण वरणातली घट्ट डाळ पुरुषांच्या ताटात जाते आणि वरचं पाणी बाईच्या भाकरीवर. ते आधी थांबलं पाहिजे. घट्ट वरण, झुणका, शेंगदाणे, ताक, चालत असतील तर अंडी, हे बाईच्या ताटात पहिल्या वाढपाला आलं पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर औषध आणि आहार आधी, जड वजन नंतर.

एका गोष्टीबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, आज बोलू. कित्येक बायांचं अंग बाहेर येतं, खोकताना-शिंकताना लघवी सुटते. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता जड कामाला जुंपल्याचं हे फळ असतं. अशा बायांनी लाज न बाळगता आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शिकावा आणि मग हळूहळू वजनाकडे यावं. रक्तदाब असेल तर उचलताना श्वास कोंडू नका. हाड आधीच मोडलेलं असेल, मणक्याचं दुखणं असेल, तर जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय वजनाला हात लावू नका. मात्र ‘दुखतं म्हणून हलू नका’ असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या बायांना पूर्वी सांगत, त्या बाजूच्या हाताने काही उचलू नका, हात सुजेल. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा 141 स्त्रियांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत वजन उचलायला दिलं. त्यांची सूज बळावली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि हात बळकट झाले. सक्तीच्या विश्रांतीने आपण किती बायांना दुबळं केलं असेल!

शेवटी माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांतल्या आखाड्यांना, व्यायामशाळांना, नगरसेवकांना आणि शाळांना. सकाळची किंवा संध्याकाळची एक तासिका चाळिशीपुढच्या बायांसाठी राखून ठेवा. शिकवायला प्रशिक्षित बाई नेमा, कपडे बदलायला एक दार लागणारी खोली द्या आणि फी मजुरणीला परवडेल एवढीच ठेवा. गावाकडे हे काम बचत गट करू शकतात, दर आठवड्याला त्यांतल्या बाया एकत्र बसतातच. दुसरी मागणी घरातल्या पुरुषांना. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, चूल तुम्ही सांभाळा, आणि त्या वेळात बाईला कोणीही हाक मारू नका. भगिनींनो, येत्या सोमवारी पहाटे उठा, खुर्ची ओढा आणि हात न टेकता दहा वेळा उठून दाखवा. गुरुवारी पुन्हा करा.