जिंकणारा पाहुणा

आपल्या पक्षाचा जय झाला म्हणजे माणसास प्रथम ओरडावेसे वाटते आणि ओरडून झाले म्हणजे भूक लागते. या दोन्ही गोष्टी इतक्या स्वाभाविक आहेत की त्यांचे शास्त्र करण्याची गरज आजवर कोणास भासली नाही. युद्ध जिंकून आलेल्या राजांच्या मेजवान्यांची वर्णने इतिहासात आहेत. परंतु शेजारच्या गल्लीस एका धावेने हरवून आलेली पोरे इराण्याच्या दुकानात काय खातात, हे मात्र कोणी नोंदलेले नाही. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या मेजवानीविषयी, आणि तेही एका अडचणीच्या प्रसंगाच्या आधाराने. आपला पक्ष जिंकावा, आणि तो नेमका अशा गावी जिंकावा की जेथे आपल्याखेरीज साऱ्यांचा पक्ष हरला आहे! अशा वेळी जिंकणाऱ्याने ओरडावे कोठे, आणि खावे कोणाबरोबर?

माझा पक्ष मुंबईचा. तो मी निवडला नाही. आडनावाप्रमाणे तो वारशाने आला. वडिलांचे तारुण्य गिरगावातील चाळीत गेले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वर्षे मुंबईकडेच होता. बाळ ज. पंडितांसारख्यांनी चेंडूफळीला मराठी बोलावयास लावले होते आणि नभोवाणीभोवती अर्धी चाळ गोळा होत असे. त्यामुळे करंडक ही बाहेरून जिंकून आणावयाची वस्तू नसून घरच्या देव्हाऱ्यातील समईसारखी आहे, ती फक्त वर्षातून एकदा घासावयाची, असा वडिलांचा प्रामाणिक समज झाला होता. सामना संपला की ते कोपऱ्यावरून पावशेर जिलबी आणीत. १९७४ च्या मार्च महिन्यात ती जिलबी आली नाही. बेंगळुरूच्या उपान्त्य सामन्यात प्रसन्नाच्या फिरकीने गावसकरांचा त्रिफळा उडविला, वाडेकर धावचीत झाले, आणि कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईची मालिका तोडली. पुढे कर्नाटकाने जयपूरला राजस्थानास हरवून पहिल्यांदा करंडक नेला. माझा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला; पण त्या धावचीत होण्याची कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की मी स्वतःच धावचीत झालो होतो असे मला पुष्कळदा वाटते.

असा वारसा घेऊन मी २००९ साली सरकारी बदलीने म्हैसूरला आलो. हे गाव माणसास हळूहळू आपलेसे करते. रुंद रस्ते, चामुंडीची टेकडी, देवराज मार्केटातील मोगऱ्याचे गजरे, आणि कोणासही फारशी घाई नसणे या साऱ्यांचा तो परिणाम असावा. नभोवाणीवरून बोलणाऱ्याने या गावाचे आणखी एक ऋण मानले पाहिजे. प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली येथे आपल्या राहत्या घरी जे केंद्र चालविले, त्याचे नाव ‘आकाशवाणी’ असे होते. सबंध देशाने पुढे तो शब्द उचलला.

चेंडूफळीच्या बाबतीत मात्र म्हैसूरकरांच्या स्मरणवहीत देण्याची बाजू बरीच मोठी होती. रणजी स्पर्धेचा अगदी पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास येथे झाला. त्यात म्हैसूरचा संघ ४८ व ५९ धावांत गारद होऊन एकाच दिवसात डावाने हरला. पुढे १९४१-४२ साली व पुन्हा १९५९-६० साली म्हैसूरचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा त्यास मुंबईनेच हरविले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, तसे संघाचेही झाले, आणि नव्या नावाने भाग्य उघडले. ही सारी हकीकत मला आमच्या कचेरीतील अधीक्षकांनी सांगितली. त्यांना आम्ही सर्व ‘रायरु’ म्हणत असू. ते निवृत्तीच्या जवळ आलेले, अंगाने किरकोळ, बोलण्यात मोजके, आणि कचेरीच्या फायलीइतकेच धावफलकही पाठ असलेले गृहस्थ होते.

२०१० च्या जानेवारीत रणजीचा अंतिम सामना म्हैसूरला आला. मुंबई आणि कर्नाटक! मानसगंगोत्रीच्या आवारातील गंगोत्री ग्लेड्स हे विद्यापीठाचे मैदान. भोवती हिरवी झाडी. रायरूंनी रजा टाकली, मीही टाकली. पहिल्या डावात मुंबईच्या २३३ धावा झाल्या आणि कर्नाटकाचा डाव १३० वर आटोपला. दुसऱ्या डावात मुंबईचे आधारस्तंभ भराभर कोसळले तेव्हा धवल कुलकर्णी या गोलंदाजाने बॅट हाती घेऊन ८७ धावा केल्या व मुंबईची धावसंख्या २३४ झाली. कर्नाटकास विजयासाठी ३३८ धावा हव्या होत्या. या पाठलागात मनीष पांडे आणि गणेश सतीश यांची दोनशेहून अधिक धावांची भागी झाली, आणि सामना मुंबईच्या मुठीतून वाळूसारखा निसटू लागला.

तो चौथा दिवस १४ जानेवारीचा, म्हणजे संक्रांतीचा होता. सणामुळे सारे गावच मैदानाभोवती लोटले होते. पांडेच्या प्रत्येक फटक्यासरशी जो घोष उठे, त्यात मी ओठ आवळून बसलो होतो. तोच पांडे १४४ धावांवर बाद झाला. हजारो माणसे क्षणभर श्वास रोखून स्तब्ध झाली, आणि त्या शांततेत कोणीतरी एकट्याने जोरजोराने टाळ्या वाजविल्याचा आवाज झाला. श्रोतेहो, तो टाळ्या वाजविणारा इसम मीच होतो. आजूबाजूची डोकी माझ्याकडे वळली. कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते. रायरूंनी मैदानावरची दृष्टी न काढता माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तो हात मला गप्प करण्यासाठी होता, की हा माझ्याबरोबर आलेला माणूस आहे असे इतरांस सांगण्यासाठी होता, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. आगरकरने पाच गडी बाद केले, कर्नाटकाचा डाव ३३१ वर संपला, आणि मुंबईने अवघ्या सहा धावांनी आपले एकोणचाळिसावे अजिंक्यपद मिळविले. लोक चपला शोधीत मुकाट्याने बाहेर पडू लागले. माझ्या पोटात आनंद उकळत होता, आणि तो ओतावयास एकही भांडे जवळ नव्हते. वडिलांना फोन करावा, तर आजूबाजूस मराठी कळणारा कोणी निघेल अशी भीती. तेव्हा रायरु म्हणाले, “अभिनंदन. चला, तुम्हाला काही खाऊ घालतो. आज एक नवीन हॉटेल उघडले आहे.”

ते उपाहारगृह संक्रांतीच्या मुहूर्तावर त्याच सकाळी सुरू झालेले होते. दाराला झेंडूचे तोरण, गल्ल्यापाशी समई, भिंतींना ओल्या रंगाचा वास. वाढप्यांस अजून टेबलांचे क्रमांक पाठ झाले नव्हते. आम्ही मसाला दोसे मागविले आणि आले ते चौचौभात! ज्यांना हा पदार्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकाच बशीत रव्याची एक गोड मूद आणि एक तिखट मूद शेजारी शेजारी वाढतात. गोड तो केसरीभात, तिखट तो खाराभात. वाढप्याची चूक, त्यातही बशी एकच. तो ओशाळून ती परत नेऊ लागला, तेव्हा रायरूंनी त्यास थांबविले. त्यांनी खाराभात स्वतःकडे ओढला आणि केसरीभात माझ्यापुढे सरकविला. “आज गोड तुमचे,” एवढेच ते म्हणाले.

पैसे देण्यासाठी मी खिशात हात घातला. जिंकणाऱ्याने पेढे वाटावेत ही आपली रीत. रायरूंनी ती मानली नाही. त्यांचे म्हणणे असे की, जिंकणाऱ्याने यजमान होऊ नये. त्याने पाहुणे व्हावे, आणि यजमानपण हरणाऱ्याकडे असावे. पाहुणा मोठ्याने बोलत नाही, पानात टाकीत नाही, आणि वेळेवर उठतो. आणि शक्यतो नव्या ठिकाणी जावे. तेथे आपली नेहमीची जागा नसते, आपणास कोणी ओळखत नसते. जिंकलेल्या माणसास तेवढे नवखेपण हितकारक असते.

निघताना मालकाने प्रत्येकाच्या हातावर तीळ, गूळ, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण ठेवले, आणि म्हटले, “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि.” तीळगूळ खा आणि चांगले बोला. लहानपणापासून घोकलेले ते वाक्य परक्या भाषेत ऐकताना मला मैदानावरच्या टाळ्या आठवल्या. त्यांना गोड बोलणे खचितच म्हणता आले नसते.

रायरूंचे कर्ज फेडण्याची संधी मला चार वर्षांनी मिळाली. २ फेब्रुवारी २०१४ रोजी हैदराबाद येथे रणजीचा अंतिम सामना संपला, आणि या वेळी कर्नाटकाने महाराष्ट्रास सात गडी राखून हरविले. महाराष्ट्राचा संघ त्या वर्षी मुंबईला मुंबईतच नमवून वर चढला होता. म्हणजे माझे दुःख दुहेरी होते. रायरु तोवर निवृत्त झालेले. मी त्यांच्या घरी गेलो, नुकतेच उघडलेले एक उपाहारगृह शोधून ठेवले होते तेथे त्यांना नेले, आणि मुद्दाम चौचौभात मागविला. तिखट मी घेतले. रायरूंनी शेवटपर्यंत सामन्याविषयी अवाक्षर काढले नाही. माझ्या तीन वर्षांच्या मुलीस केसरीभाताचे घास भरविताना मात्र त्यांचा चेहरा लपत नव्हता.

ही मुलगी म्हैसूरची. घरी मराठी, अंगणात कन्नड, आणि निष्ठा बेंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्स संघावर. तिच्या पिढीस रणजीचे चार-पाच दिवस फार लांब वाटतात. तिचा संघ आयपीएलमध्ये सतरा हंगाम करंडकावाचून राहिला. अखेर ३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादला त्याने पंजाबवर विजय मिळविला, आणि तोही सहा धावांनीच! त्या रात्री म्हैसूरच्या आकाशात दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूस चिन्नास्वामी मैदानावर संघाचा सत्कार होता. तिला जावयाचे होते. शाळा नुकती सुरू झालेली, गाव सुमारे दीडशे किलोमीटर दूर. मी नको म्हटले. ती रुसली. समजूत म्हणून तिला, आणि तिच्या मागणीवरून रायर अज्जांना, मी संध्याकाळी एका नव्या उपाहारगृहात घेऊन गेलो. रायरूंना विकत घेतलेल्या गड्यांचा तो खेळ मनातून मान्य नाही; त्यामुळे त्या दिवशी आमच्यात हरलेला असा कोणी नसला, तरी यजमानपण त्यांनी आपण होऊन घेतले.

बश्या समोर आल्या आणि शेजारच्या टेबलावरील कोणाच्या तरी फोनवर बातमी आली. मैदानाच्या दारांशी लोटलेल्या गर्दीत माणसे चेंगरली होती. मृतांचा आकडा पुढे अकरावर गेला. त्यांत माझ्या मुलीच्याच वयाची एक मुलगी होती, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. त्या संध्याकाळी तिने केसरीभाताची मूद बाजूस सारली. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने हलक्या स्वरात विचारले, “अज्जा, आपण जिंकलो ना?”

रायरु म्हणाले, “हो, जिंकलो. म्हणूनच हळू बोलायचे.”

त्या अकरा जणांचा दोष काय होता? आनंद झाला होता आणि तो चारचौघांत वाटून घ्यावासा वाटला होता, एवढाच. त्यांस उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. एकोणतीस वर्षांचा असताना मीही भर मैदानात टाळ्या पिटल्या होत्या, आणि माझ्या खांद्यावर ठेवावयास एक हात होता म्हणून मी निभावलो. लाखोंच्या आनंदास असा हात कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न राज्यकारभाराचा आहे, आणि एका सरकारी नोकराने तो हलका मानू नये. गर्दीस वाट हवी, दारे हवीत, आणि किती माणसे येतील याचा हिशेब आधी हवा. उत्सवाचा आरंभ तेथून होतो.

परंतु घरापुरता, टेबलापुरता जो आनंद असतो, त्याची व्यवस्था आपल्या हाती आहे. आमच्या घरी ती ठरून गेली आहे. कोणाचाही पक्ष जिंको, आम्ही एखादे नवे उपाहारगृह शोधतो. जो हरला तो पैसे देतो. आणि बशी एकच मागवितो. मुलीस आता तिखट मूदही आवडू लागली आहे.